म्हातारपणाचं संशोधन सोप्यावरून सुरू करा : बेळगाव सीमाभागातल्या नव्या संशोधकांसाठी

दुपारचे चार वाजले की आज्जी पाण्याचा तांब्या पालथा घालून ठेवायची. गाव खानापूर तालुक्यातलं, जांबोटी रस्त्यावरून आत. तिच्या घराच्या सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, आम्ही तिघं बसलो होतो. समाजशास्त्र शिकवणारा मी, फिजिओथेरपीची एक विद्यार्थिनी आणि सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा. विद्यार्थिनीनं विचारलं, "आज्जी, दिवसभरात पाणी किती पिता?" आज्जी म्हणाली, "चारनंतर बंद. रात्री परड्यात कोण जाणार?"

संडास परड्यात होता. मागच्या दारातून दोन पायऱ्या उतरायच्या, पुढं पंधरा पावलं चालायचं. पावसाळ्यात तिथं शेवाळ धरतं आणि दिवा नव्हताच. सिव्हिलच्या मुलानं टेप लावली, वरची पायरी अकरा इंच निघाली. मग बोलता बोलता बाकीचं बाहेर आलं. दोन महिन्यांपूर्वी लघवीला जळजळ म्हणून दवाखान्यात नेलं होतं. दाढा गेल्यामुळं भाकरी सुटली होती, चहात बुडवून बटर (टोस्टसारखा कडक पाव) आणि दोन वेळा मऊ भात एवढंच पोटात जायचं. मांडीत जोर राहिला नाही म्हणून भजनाला जाणं थांबलं होतं. मुलगा गोव्यात, सून बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यात शिफ्टला, म्हणजे दिवसभर बोलायला कुणी नाही.

लघवीचा त्रास वैद्यकशास्त्राचा, दाढा दंतवैद्याच्या, बटर-चहा आहारशास्त्राचा, मांडीतला जोर फिजिओथेरपीचा, पायरी सिव्हिलची, आणि सुनेची शिफ्ट माझ्या विषयाची. विद्यापीठात या सगळ्यांच्या इमारती वेगळ्या, प्रमुख वेगळे, वेळापत्रकं वेगळी. त्या घरात मात्र ते सगळं एकाच पायरीवर येऊन अडकलं होतं.

आपल्या भागातल्या एखाद्या कॉलेजात किंवा विद्यापीठात नुकतेच रुजू झाला असाल, पीएच.डी.ला नाव घातलं असेल आणि निरोगी वार्धक्यावर दोन-चार विभागांना घेऊन काही करावं असं मनात असेल, तर पुढचं तुमच्यासाठी. मी जिथं ठेचकाळलो त्या जागा आधीच सांगतो.

पहिली पायरी : "निरोगी" म्हणजे काय ते ठरवून घ्या

आजार नसलेला म्हातारा शोधायला गेलात तर रिकाम्या हाती परत याल. साठीनंतर रक्तदाब, साखर, गुडघे यांतलं काहीतरी बहुतेकांना असतंच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५च्या अहवालात ही व्याख्याच बदलली. माणसाला जे करणं महत्त्वाचं वाटतं ते करता येण्याची क्षमता टिकवणं, म्हणजे निरोगी वार्धक्य. ही क्षमता दोन गोष्टींवर उभी असते. एक, माणसाच्या अंगातलं बळ : चालणं, स्मरण, पोषण, नजर, कान आणि मन. दुसरी, त्याच्या भोवतालची परिस्थिती : घर, रस्ता, माणसं, पैसा, सरकारी योजना.

ही व्याख्या पाठ करून ठेवा. नव्या विभागात गेल्यावर "आमचा यात काय संबंध?" असं विचारणाऱ्या प्राध्यापकाला तीच उत्तर देते. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे निरोगी वार्धक्याचं दशक म्हणून जाहीर केलंय, तेही प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात उपयोगी पडतं. त्यापलीकडं त्याचा फार उपयोग नाही.

दुसरी पायरी : आपल्या आसपास कोण आहे ते बघा

नवख्या माणसाला वाटतं, असलं संशोधन बंगळुरूला किंवा पुण्याला होतं. बेळगावात बसून यादी केली की चकित व्हायला होतं. नेहरूनगरात जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज १९६३पासून आहे. ते ज्यात मोडतं त्या केएलई अभिमत विद्यापीठात फिजिओथेरपी, नर्सिंग, दंत आणि आयुर्वेदही आहे. नेहरूनगरातच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था आहे, घाटातल्या औषधी वनस्पतींवर काम करणारी. सरकारी बाजूला जिल्हा रुग्णालय आणि बिम्स हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय. मच्छेच्या बाजूला विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ, १९९८चं. भूतरामनहट्टीला राणी चन्नम्मा विद्यापीठ, २०१०चं, समाजशास्त्र, समाजकार्य, अर्थशास्त्र असे विषय घेऊन. धारवाडच्या कृषी विद्यापीठात पूर्वीचं गृहविज्ञान, म्हणजे आताचं सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे. आहार आणि कुटुंब यांवर इतकी अनुभवी माणसं जवळपास दुसरीकडं मिळणार नाहीत. धारवाडलाच मानसिक आरोग्याची डिम्हान्स ही संस्था. आणि वर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ.

राज्यातच दोन मोठी उदाहरणंही आहेत. भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातलं मेंदू संशोधन केंद्र कोलार जिल्ह्यात श्रीनिवासपूर तालुक्यातल्या खेड्यांत पंचेचाळिशीपुढच्या माणसांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करतंय. म्हैसूरला एका जुन्या मिशन हॉस्पिटलातल्या जन्मनोंदींवरून, तिथं जन्मलेली माणसं साठीत कशी आहेत हे शोधलं गेलं. जन्मावेळचं वजन वहीत लिहून ठेवणाऱ्या नर्सला हे पुढं कुणाला उपयोगी पडेल अशी कल्पनाही नसेल. आपल्याकडच्या जुन्या दवाखान्यांची दप्तरं कुठं पडून आहेत, हे एकदा जाऊन बघा.

तिसरी पायरी : सभागृहातली बैठक टाळा

हे मी पोळून शिकलो. पहिल्या वर्षी आम्ही एका संस्थेच्या सभागृहात सहा विभागांना बोलावलं. नारळ, दीपप्रज्वलन, शाल, फोटो, उपमा आणि चहा. प्रत्येकानं आपापल्या विभागाची माहिती वीस-वीस मिनिटं दिली. शेवटी "एक समन्वय समिती स्थापन करावी" असा ठराव झाला. समितीची दुसरी बैठक आजतागायत झालेली नाही.

पुढच्या वर्षी कुणालाही बोलावलं नाही. दुसऱ्या दोन विभागांतल्या दोन उत्साही माणसांना फोन केले आणि एका शनिवारी सकाळी बसनं गावात गेलो. त्या दिवशी भेटली ती तांब्या पालथा घालणारी आज्जी. परतीच्या बसमध्ये जी चर्चा झाली तिच्यातून आमचा पहिला प्रश्न ठरला. म्हणून माझा नियम असा : विभागप्रमुखांची सही नंतर घ्या, आधी प्रत्येक विभागातलं एक माणूस एका घरात नेऊन बसवा. तीन ते पाच माणसं पुरतात. त्यांत एक तरी असं हवं ज्याला गावात ओळखतात.

चौथी पायरी : एकच प्रश्न, पण सगळ्यांचा

"सीमाभागातल्या वृद्धांच्या समस्या" हा प्रश्न नाही, मथळा आहे. एका वाक्यात विचारता येईल आणि दोन वर्षांत तपासता येईल असं काहीतरी हवं. आपल्या भागातल्या तीन जागा घेऊन सांगतो.

खानापूरकडच्या गावात : संध्याकाळी पाणी कमी पिणं आणि संडासाचं अंतर, उंची, उजेड यांचा काही संबंध आहे का, आणि दिवा-कठडा केल्यावर तो बदलतो का?

वडगाव, शहापूर, खासबागच्या यंत्रमागाच्या गल्ल्यांत : तीस-चाळीस वर्षं मागाच्या खडखडाटात काढलेल्या माणसांचे कान किती गेलेत? ऐकू येत नाही म्हणून ती लोकांत बसायची थांबलीत का? इथं कान-नाक-घसा, मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि आवाज मोजायला इंजिनिअर, चौघंही लागतात. तिथल्या एका आजोबांनी मला सांगितलं, "माग बंद झाला की कानात माग चालू होतो." कानातल्या या आवाजाला वैद्यकीय नाव आहेच, पण असं वाक्य कुठल्याही प्रश्नावलीत मिळत नाही.

निपाणीत : विड्या वळण्यात आयुष्य गेलेल्या बायकांची नजर, बोटं, पाठ. इथं एक जादा सूचना. "तुम्ही निवृत्त कधी झालात?" हा प्रश्न तिथं विचारू नका. उत्तर येतं, "हात चालतोय तवर वळायचं." शेतकऱ्याचंही तेच. नोकरदारांसाठी बनवलेले कप्पे इथं रिकामे राहतात आणि आकडेवारीत या माणसांचं काम दिसतच नाही.

पाचवी पायरी : विद्यार्थ्यांचे प्रबंध एकाच गावात आणा

पैसा नसताना संशोधन उभं करायची ही सगळ्यात सोपी वाट, आणि नेमकी हीच कुणी सुचवत नाही. दरवर्षी समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना लघुप्रबंध करावाच लागतो. फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर मुलांना प्रबंध लागतो, सामुदायिक वैद्यकशास्त्राच्या एम.डी.ला लागतो, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प लागतो. सगळे वेगवेगळ्या गावांत जातात, वेगवेगळे तीस-चाळीस म्हातारे मोजतात आणि ते कागद ग्रंथालयात जाऊन बसतात. हे सगळे एकाच गावात, त्याच साठ घरांत गेले आणि प्रत्येक घराला एकच क्रमांक दिला, तर वर्षाअखेरीस त्या घराचा आहार, चाल, उंबरठा आणि उत्पन्न एका ओळीत येतं.

अडचण वेळापत्रकाची. प्रत्येक विद्यापीठाची आराखडा सादर करायची तारीख वेगळी. म्हणून जूनमध्येच एका मोठ्या कागदावर बारा महिन्यांचे रकाने पाडा आणि सगळ्यांच्या तारखा भरा. इंजिनिअरिंगच्या प्रकल्पांना कर्नाटक राज्य विज्ञान-तंत्रज्ञान परिषदेच्या विद्यार्थी प्रकल्प योजनेतून थोडं अनुदान मिळू शकतं, त्याची तारीखही त्यातच लिहा. पीएच.डी.साठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांत दुसऱ्या विभागातला किंवा संस्थेतला सहमार्गदर्शक घेता येतो. बरेच जण हे विचारतच नाहीत.

सहावी पायरी : आचारसमितीकडं पहिल्या दिवशी जा

माणसांवर संशोधन करायचं तर संस्थात्मक आचारसमितीची (एथिक्स कमिटीची) मंजुरी हवीच, नुसते प्रश्न विचारायचे असले तरी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून काढा. कला-वाणिज्य कॉलेजात अशी समिती बहुधा नसते. मग वैद्यकीय संस्थेतला सहसंशोधक घेऊन तिथल्या समितीकडं जावं लागतं. म्हणजे डॉक्टर साथीदार पहिल्यापासून हवा.

आमचे दोन महिने असे गेले : संमतीपत्र आम्ही इंग्रजीत आणि कन्नडमध्ये दिलं होतं. समितीनं विचारलं, सहभागी माणसं कुठली भाषा वाचतात? चूक आमचीच होती. खानापूर, बेळगाव, निपाणीत काम करायचं तर मराठी आणि कन्नड दोन्ही प्रती पहिल्यापासून तयार ठेवा. भाषांतर एकानं करावं, आणि मूळ मजकूर न बघता दुसऱ्यानं त्याचं उलट भाषांतर करून पडताळावं. निरक्षर माणसाचा अंगठा घेताना तटस्थ साक्षीदार लागतो. तो मुलगा किंवा सून नसावी. गल्लीतली शिक्षिका किंवा आशाताई चालते. स्मरण ढासळलेल्या माणसाच्या बाबतीत घरच्या जबाबदार माणसाची संमती घ्या, पण त्या माणसाचीही मान हलते का ते बघा. तो "नको" म्हणत असेल तर नको.

सातवी पायरी : भाषा, आणि कुठली मराठी

इथं जरा थांबतो, कारण सीमाभागातलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचं काम हेच आहे.

आमची पहिली प्रश्नावली पुण्याच्या मराठीत होती. "आपणास एकाकीपणा जाणवतो का?" सत्तरीच्या एका आज्जीनं विद्यार्थिनीकडं बघितलं आणि म्हणाली, "एकटी कशी गं? म्हस हाय की." विद्यार्थिनीनं "नाही" वर खूण केली. थोड्या वेळानं तीच आज्जी म्हणाली, "सांच्याला दिवा लावल्यावर घर खायला उठतंय." पुढच्या वेळी प्रश्न बदलला : "सांच्याला कोण येतंय काय बोलायला?" उत्तरं लगेच बदलली. प्रश्न नेहमी तिथल्या तोंडी मराठीत तपासून घ्या. "वेदना होतात का" ऐवजी "गुडघा दुखालाय काय", "शौच" ऐवजी "परसाकडं". आधी दहा-बारा माणसांना नुसतं विचारून बघा आणि त्यांनी प्रश्नाचा काय अर्थ लावला तेही त्यांच्याकडूनच ऐका.

स्मरणाच्या चाचण्यांत तर हा प्रश्न फारच टोकाचा होतो. जगभर वापरली जाणारी एमएमएसई ही चाचणी लिहिणं-वाचणं गृहीत धरते, शिवाय तिचा स्वामित्वहक्क आहे. मोका या दुसऱ्या चाचणीसाठी प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवावं लागतं. निरक्षर ग्रामीण माणसांसाठी हरियाणातल्या बल्लभगडला १९९०च्या दशकात हिंदी चाचणी तयार झाली. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं नंतर भारतीय भाषांसाठी चाचण्यांचा एक संच बनवला आणि तो पाच भाषांत तपासला : हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. बेळगावच्या मराठी आज्जीला यातली कुठली चाचणी द्यायची? कन्नडमधली दिली तर तिचं कन्नड बाजारापुरतं. मराठीत स्वतःच उतरवली तर ती प्रमाणित नाही. पंच्याऐंशी ओलांडलेली पिढी शाळेत गेली असेल तर मुंबई राज्यातल्या शाळेत गेली, कारण १९५६पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. तिच्या नातवंडांची शाळा आणि भाषा वेगळी. दोन भाषांत जगणाऱ्या माणसाचं स्मरण कसं मोजायचं, या एका प्रश्नावर भाषाशास्त्र, मानसशास्त्र आणि मेंदूविज्ञान यांच्यात दहा पीएच.डी. होतील. भाषेच्या विभागातल्या मंडळींनो, "आमचा यात काय संबंध" हे तुम्ही तरी विचारू नका.

एक सावधगिरी. एका आज्जीला तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. पाच मिनिटांनी एकच आठवला. सून म्हणाली, "अहो, अख्खे अभंग पाठ आहेत त्यांना," आणि आज्जीनं खरंच एक खणखणीत म्हणून दाखवला. आमचा विद्यार्थी भारावला आणि "स्मरण उत्तम" असं लिहून मोकळा झाला. लहानपणी पाठ केलेलं बऱ्याचदा उशिरापर्यंत टिकतं, आधी जातं ते कालचं आणि आजचं. अभंगाची नोंद जरूर घ्या, पण तीन शब्दांचा आकडा बदलू नका.

आठवी पायरी : गावात जाताना

वय. आधार कार्डावर एक जानेवारी किंवा एक जून दिसला की समजा, तारीख कुणीतरी अंदाजानं टाकलेली आहे. गावाच्या आठवणींचं एक पंचांग बनवा. राज्य पुनर्रचना झाली तेव्हा, म्हणजे १९५६ला, शाळेत होता का? १९५८च्या सीमा सत्याग्रहावेळी केवढे होता? कोयनेचा भूकंप झाला (१९६७), तेव्हा लग्न झालं होतं का? बहात्तरच्या दुष्काळात पोरं किती होती? दोन-तीन घटना जुळल्या की वय दोन वर्षांच्या आत येतं.

खुर्ची. जागतिक आरोग्य संघटनेच्या तपासणीत छातीशी हात धरून खुर्चीवरून पाच वेळा उठायचं असतं, चौदा सेकंदांत. स्नायू झिजण्याबद्दलच्या आशियाई तज्ज्ञांच्या २०१९च्या निकषात बारा सेकंद लागले तरी धोक्याची खूण मानतात. कुठला निकष ते आधी ठरवा, नाहीतर फिजिओ आणि डॉक्टर एकाच आज्जीला दोन वेगळे शेरे देतील. त्याहून मोठी अडचण म्हणजे निम्म्या घरांत खुर्चीच नसते. असते ती प्लास्टिकची, हातांची, पाय वाकलेली. आम्ही सुताराकडून सतरा इंच उंचीची, बिनहाताची लाकडी खुर्ची करून घेतली आणि तीच प्रत्येक गावात नेली. बसचा कंडक्टर तिचं तिकीट मागायचा. शिवाय आपली माणसं आयुष्यभर जमिनीवर मांडी घालून बसलेली. जमिनीवरून उठता येतं का, कशाला धरून, हे वेगळं लिहून ठेवा.

हाताची पकड मोजायचं यंत्र. पुरुषांत २८ किलोखाली, बायकांत १८ किलोखाली गेली तर स्नायू कमजोर असल्याची शंका घ्यायची, असा आशियाई निकष आहे. हे माप चारचौघांत घेऊ नका. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले एक आजोबा दात-ओठ खाऊन दाबत होते आणि प्रत्येक वेळी विचारत होते, "शेजारच्या सुभेदाराचं किती आलं?" नंतर दोन दिवस त्यांचं मनगट दुखत होतं.

दिवस. पावसाळ्यात खानापूरकडं जाऊ नका, लोक रोपात असतात आणि रस्ते चिखलात. सुगीत घरी कुणी सापडत नाही. एप्रिल-मे बरा वाटतो, पण तेव्हा पुण्या-गोव्याहून मुलं आलेली असतात, आणि मुलगा समोर बसला की आईचं सगळं "बरं हाय की". मला फेब्रुवारी मानवला. गावाची म्हाई, म्हणजे जत्रा, कधी आहे ते मात्र आधी विचारा. आणि पहिली भेट ग्रामपंचायतीबरोबर भजनी मंडळालाही द्या. म्हातारी माणसं तिथं असतात.

त्रास दिसला तर काय, हे जाण्याआधी ठरवा. रक्तदाब दोनशेवर निघाला तर कुठल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, कुणी न्यायचं? मारहाण किंवा उपासमारीची शंका आली तर घरच्यांसमोर विषय काढू नका. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. २००७च्या पालक व ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली असिस्टंट कमिशनरकडं अर्ज करता येतो.

नववी पायरी : सीमा हाही एक विषय आहे

पुण्यात बसलेल्या संशोधकाकडं नाही असं एक साधन आपल्याकडं आहे. एकाच बोलीची, एकाच जेवणाची, नात्यागोत्याची माणसं दोन राज्यांच्या धोरणांखाली म्हातारी होतायत. कर्नाटकात जून २०२३पासून बायकांना राज्याच्या साध्या बसमध्ये राज्याच्या हद्दीत तिकीट नाही. महाराष्ट्रात २०२२पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत आहे, तीही तिकडच्या हद्दीत. निपाणीची आज्जी चिक्कोडीला फुकट जाते, कोल्हापूरला लेकीकडं जायचं म्हटलं की सुट्टे पैसे शोधते. म्हणजे तिचं कुणाकडं जाणं-येणं वाढलं आणि कुणाकडं कमी झालं? महाराष्ट्रानं २०२३मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, त्यावर कर्नाटकानं आक्षेप घेतला. भाषणं सगळ्यांनी केली. प्रत्यक्षात त्या कार्डावर कुठल्या म्हातारीचा मोतीबिंदू निघाला, हे मोजणं आपलं काम. काम करताना मात्र दोन्ही बाजूंच्या झेंड्यांपासून अंतर ठेवा, नाहीतर अर्धं गाव दार उघडणार नाही.

देशभरच्या तुलनेसाठी लासी (LASI) हे वार्धक्यावरचं राष्ट्रीय सर्वेक्षण आहे. मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८मध्ये पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांवर माणसांकडून घेतलेलं. त्याची माहिती अर्ज करून मिळते. त्यात राज्याचं चित्र दिसतं, सीमाभाग वेगळा काढता येत नाही. पण प्रश्नांची घडण उसनी घेतली तर तुमचे आकडे पुढं जोडता येतात.

पैसे आणि नावं

थोडक्यात. सामाजिक बाजूसाठी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, आरोग्यासाठी आयुर्विज्ञान परिषद, उपकरणांसाठी विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची अपंग आणि वृद्धांसाठीची तंत्रज्ञान योजना. पहिला अर्ज हातात तीस-चाळीस घरांची माहिती असल्याशिवाय करू नका. पैसा कुठल्या संस्थेच्या खात्यात येणार आणि यंत्र प्रकल्पानंतर कुणाकडं राहणार, हे सामंजस्य करारात लिहा. एका पकड-यंत्रावरून दोन विभाग दीड वर्ष बोलत नव्हते, हे मी पाहिलंय. शोधनिबंधावर कुणाची नावं, कुठल्या क्रमानं, हे पहिली मुलाखत घेण्याआधी कागदावर ठरवून सह्या घ्या. गावात चकरा मारणाऱ्या विद्यार्थ्याचं नाव आभारात ढकलायचं असेल तर त्याला तसं आधीच सांगा. तो येणार नाही, आणि बरोबरच आहे.

शेवटची पायरी : परत जा

निबंध छापून येईपर्यंत गावाला थांबवू नका. आम्ही साठ घरांची माहिती एका पानावर, मोठ्या अक्षरांत, मराठी-कन्नडमध्ये करून ग्रामपंचायतीत वाचून दाखवली. किती घरांत संडास बाहेर, किती ठिकाणी दिवा नाही, किती पायऱ्या नऊ इंचांहून उंच. कुणाचंही नाव न घेता. पंचायतीनं काय केलं हा वेगळा विषय, पण सिव्हिलच्या मुलानं आपल्या प्रकल्पाच्या पैशातून चार घरांत पाइपचा कठडा बसवला आणि मधे अर्ध्या उंचीची पायरी बांधली. दिव्याचं काम आज्जीच्या नातवानं केलं, आम्ही फक्त वायर दिली.

वर्षभरानं पुन्हा तीच मापं घ्या, त्याच खुर्चीवर. यादीतली काही माणसं गेलेली असतील. ती तारीख आणि कारण घरच्यांना हळूच विचारून वहीत लिहा, तीही माहितीच आहे. त्यासाठी पहिल्याच भेटीत शेजाऱ्याचा फोन नंबर घेऊन ठेवावा लागतो. आम्ही तो साठपैकी अठरा घरांत विसरलो होतो.

आज्जी भेटली. पाच वेळा उठायला गेल्या वर्षी एकोणीस सेकंद लागले होते, या वर्षी सतरा लागले. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे विद्यार्थिनीनं मला बजावलं. तेव्हा संध्याकाळचे साडेपाच झाले होते आणि तांब्या सुलटा होता.